दोनशे मीटरची विहीर

कटरे मॅडम मुलांना विहिरीवर नेऊन खेळवत होत्या, मुलं कठड्यावर ओणवी झाली होती, एखादं आत पडलं असतं, असं शाळेच्या कागदात लिहिलं आहे. ते खोटं आहे. मी त्या दिवशी तिथं होते. दोर माझ्या हातात होता. कागद लिहिणारे ऑफिसात खुर्चीवर बसले होते.

मी शाळेत पाणी भरते आणि खोल्या झाडते. चौथीपर्यंत शिकले आहे. चार माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून हे घरी बसून वहीत लिहिते. कोणाला दाखवायचं नाही. पण खोट्याला शिक्का मिळतो आणि जे खरं घडलं त्याचा कुठं कागदच नाही, हे मला सहन होत नाही.

मॅडम चोरखमारा गावाहून स्कूटीवर यायच्या. वय तिशीच्या पुढं. उंच, सावळ्या, आवाज असा की तिकडच्या खोलीतला गुरुजीही गप्प व्हायचा. ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. पाणी प्यायच्या तर उभ्यानं, पूर्ण लोटा एका दमात, आणि मग म्हणायच्या, "मावशी, आता डोकं चालू झालं." दहावीला विज्ञान शिकवायच्या. त्यातही गती, बल, वजन, खाली पडणाऱ्या वस्तू, अशा धड्यांची गणितं आली की त्यांच्या अंगात यायचं.

त्यांची नोकरी पक्की नव्हती. दर उन्हाळ्यात मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, एका कागदावर सही करायचे, तेव्हा मॅडमचं पुढचं वर्ष लागायचं. अशी चार वर्षं झाली होती. पाचव्या वर्षी पक्कं करू, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. त्या भरवशावर त्यांनी दुसरीकडं अर्जसुद्धा केला नव्हता.

त्यांची गणित सोडवायची रीत मला पाठ झाली आहे. वर्गाबाहेरचा व्हरांडा मी त्याच वेळी पुसायची. फळ्याचे त्या चार भाग करायच्या. पहिल्या भागात चित्र. दगड असेल तर दगड, बंडी असेल तर बंडी. दुसऱ्यात काय दिलं आहे. तिसऱ्यात काय विचारलं आहे. चौथा भाग सगळ्यात मोठा, तो पायऱ्यांचा. उत्तर कोपऱ्यात बारीक अक्षरात, आणि मुलांनी पाहिलं की पुसताना सगळ्यात आधी उत्तर पुसायचं.

"आकडा तर दुकानातही भेटते," त्या म्हणायच्या. "मले रस्ता दाखव."

आणि प्रत्येक पायरीला, असं का केलं, हा एकच प्रश्न. "काऊन?"

मुलानं गुणलं तर काऊन. भागलं तर काऊन. बरोबर केलं तरी काऊन. पोरं त्यांना मागून काऊन मॅडम म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी तसं लिहून ठेवलं, तर त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे. पण नावापुढं प्रश्नचिन्ह पाहिजे."

एकदा त्यांनी घरून गणित आणायला सांगितलं होतं. बैलबंडी तासाला चार किलोमीटर जाते, तर सेकंदाला किती मीटर? एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "चौदा."

"तुझ्या घरी बंडी आहे?"

"हव मॅडम."

"बैलाचं नाव का?"

"ढवळ्या."

"मंग ढवळ्या एका सेकंदात इथून फाटकाच्या पार जाते?"

मागून कोणी तरी म्हणालं, "मॅडम, पेट्रोल पाजत असन!" दुसरा म्हणाला, "पोलिस चालान कापन ना बे त्याचं!" सगळा वर्ग लोळला. मॅडमही हसल्या. हसून झालं आणि म्हणाल्या, "आता ज्याच्या वहीत चौदा आहे त्यानं हात वर करा." अर्ध्याहून जास्त हात वर गेले. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

मग त्यांनी त्याच मुलाला फळ्यापाशी बोलावलं. चार किलोमीटर म्हणजे मीटर किती? चार हजार. एका तासाचे सेकंद किती? छत्तीसशे. मग छत्तीसशे सेकंदांत चार हजार मीटर, तर एका सेकंदात? मुलानं भागलं. एक मीटर आणि वर थोडंसं. "आता ढवळ्या बरोबर चालला," मॅडम म्हणाल्या. "उत्तर आलं की त्याले आधी धानाच्या बांधीवर घेऊन जात जा. तिथं पटलं तर वहीत लिहा."

बाहेर माझा पोतेरा हातातच राहिला होता. मी चौथीत असताना गुरुजी पाढे म्हणून घेत. चुकलं की छडी. पाढा कशाला लागतो, हे चाळीस वर्षांनी मला त्या व्हरांड्यात कळलं.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या बोअरची मोटर जळली. मी मागच्या विहिरीवरून पाणी ओढू लागले. कठड्यावरून दोर घासत सरळ वर ओढायचा. तळहाताला फोड आले. शिक्षक लोक रोज माझ्या हातचं पाणी पीत होते, पण हात मॅडमनंच पाहिला. सोमवारी स्कूटीच्या पायापाशी एक गडगडी ठेवून आल्या, दोर फिरवायचं लोखंडी चाक. त्यांच्या घरच्या जुन्या विहिरीचं होतं. पोरांनी दोन लाकडं रोवून ते बसवलं. मग मॅडमनी त्याचंच गणित केलं.

"बादली तेवढीच भरली आहे. मावशीले आता सोपं काऊन जाते?"

"चाकानं वजन कमी होते मॅडम," एक जण म्हणाला.

"कमी होते? मंग वर आल्यावर बादलीत पाणी कमी निघते का?"

मॅडमनी मलाच विचारलं, "मावशी, तुम्ही सांगा. आधी कसं ओढत होत्या, अन् आता कसं ओढता?"

माझ्या तोंडून शब्द निघेना. मी फक्त करून दाखवलं. आधी वाकून वर ओढायची. आता उभी राहून खाली ओढते. मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या, "पाहा! वजन तेवढंच. दिशा बदलली. खाली ओढताना आपल्या अंगाचा भार मदतीले येते. अन् कठड्यावर दोर घासत होता, तेही गेलं. मावशीनं न बोलता दोन पायऱ्या सांगितल्या, तुम्ही बोलून एकही नाही." पोरं माझ्याकडं बघू लागली आणि मी बादली घेऊन तिथून निघून आले. पण दिवसभर मला बरं वाटत होतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

मोठ्या सरांचा पुतण्या तालुक्याला क्लास चालवतो. आमच्या शाळेची बहुतेक मुलं तिथं जातात, जावंच लागतं म्हणा. क्लासवाला घरच्या अभ्यासाची गणितं सोडवून मोबाईलवर पाठवतो आणि मुलं ती वहीत उतरवतात. एकदा मॅडमनी गणित दिलं. विहिरीत दगड सोडला, दोन सेकंदांनी पाण्यावर पडला, तर पाणी किती खोल? दुसऱ्या दिवशी चाळीस वह्या आल्या. एकोणचाळीस वह्यांत उत्तर दोनशे मीटर. तेच शब्द, तेच सूत्र, त्याच ठिकाणी ओळ तोडलेली. क्लासवाल्याच्या हातून एक शून्य जास्त पडलं होतं आणि ते शून्य एकोणचाळीस जणांनी भक्तिभावानं उतरवलं होतं.

मॅडम वह्या टेबलावर आपटून म्हणाल्या, "तुमच्या गावात कोणाच्या घरी दोनशे मीटरची विहीर आहे? दोर कोठून आणता? गोंदियावरून?"

चाळिसावी वही पल्लवीची. तिच्याकडं मोबाईल नव्हता. तिचं उत्तर चाळीस मीटर, तेही चुकीचं. पण तिनं चित्र काढलं होतं, दोनदा खोडलं होतं, आणि लिहिलं होतं की दगडाचा वेग वीस, वेळ दोन सेकंद, म्हणून चाळीस. मॅडमनी तिला फळ्यापाशी उभं केलं.

"वीस हा वेग दगडाले कधी आला?"

"शेवटी, मॅडम."

"अन् हातातून सुटला तेव्हा?"

"तेव्हा काहीच नाही. शून्य."

"काऊन?"

"हातात होता ना."

"मंग पूर्ण वेळ वीसनं पडला का?"

पल्लवीनं फळ्याकडं पाहिलं. मग हळू म्हणाली, "नाही. सुरवातीले शून्य, शेवटी वीस. मधला धरला तर दहा. दहानं दोन सेकंद... वीस मीटर."

"बस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिच्या वहीवर सही केली. बाकीच्या वह्यांवर लिहिलं, पुन्हा सोडव.

मग सगळ्या वर्गाला विहिरीवर आणलं. आता कागदात काय लिहिलं आहे ते आठवून वाचावं. विहिरीचा कठडा कमरेच्या वर आहे. मॅडमनी कठड्यापासून चार पावलांवर जमिनीवर चुन्याची रेघ मारली आणि एकही मूल रेघ ओलांडू दिलं नाही. दगड त्यांनी स्वतः सोडला. मॅडमच्या मोबाईलवर वेळ पल्लवीनं रेघेमागून मोजली, पाण्याचा आवाज ऐकून. एक सेकंद आणि जरासा वर. मुलांनी रेघेमागं बसून हिशेब केला, सहा मीटर. मग मॅडम म्हणाल्या, "मावशी, दोर सोडा." मी बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडला आणि वर ओढून सगळ्यांसमोर हातानं मोजला. तेरा हात. मॅडमनी टेप लावली, सहाला चार बोटं कमी. पोरांनी असा ओरडा केला की ऑफिसातून बाबू बाहेर आला. त्यानं ओरडा ऐकला. रेघ त्याला दिसली नाही.

आठ दिवसांनी तपासणी येणार होती. त्यांना वह्या दाखवायच्या, सगळ्यांवर सही आणि गुण पाहिजेत. त्यात शाळेच्या अध्यक्षांची मुलगी. तिच्या वहीवर 'पुन्हा सोडव' पाहून अध्यक्ष स्वतः आले. मोठ्या सरांनी मॅडमला बोलावलं. मी तेव्हा चहाचे कप उचलत होते.

"मॅडम, सगळ्यांना वीस लिहायला सांगा अन् सही करून टाका. विषय खतम."

"वीस लिहून का होते सर? आधी दोनशे उतरवलं, आता वीस उतरवतील."

"तुम्हाला पुढच्या वर्षी इथं राहायचं आहे ना?"

"राहायचं आहे सर." मॅडमचा आवाज पहिल्यांदा बारीक ऐकला. "आठ दिवस द्या. रोज शाळेच्या आधी एक तास येते. जो येईल अन् रस्ता सांगेल, त्याच्या वहीवर सही करते. चुकला तरी करते, पण आपल्या डोक्यानं चुकला पाहिजे."

यात काय वाईट मागितलं, मला कोणी सांगावं. शिकवायला जास्तीचा वेळ मागणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. बाकीच्यांना मी घड्याळाकडं बघताना पाहते.

आठ दिवस मॅडम कुडकुडत्या थंडीत नऊला यायच्या. मुलं दोन-दोन, तीन-तीन यायची. पाणी प्यायला आली की माठापाशी एकमेकांना सांगायची, "सुरवातीले शून्य, काऊन तं हातात होता." ढवळ्यावाला मुलगा तीन दिवस आला. तिसऱ्या दिवशी जमलं तेव्हा त्यानं सही झालेली वही मला आणून दाखवली, मला काय समजणार होतं, तरी दाखवली. असे सव्वीस जण झाले. पल्लवी धरून सत्तावीस. तेरा जण आलेच नाहीत. अध्यक्षांची मुलगी त्यांत होती. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं म्हणे की जायची गरज नाही, सही होऊन जाईल.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या सरांनी त्या तेरा वह्या मॅडमपुढं ठेवल्या. पेनही ठेवला. अध्यक्ष बाजूच्या खुर्चीवर पाय हलवत बसले होते.

"तेरा सह्या आहेत फक्त," मोठे सर म्हणाले. "चार वर्षांची मेहनत अशी कायले घालवता?"

मॅडमनी वह्या एक-एक उघडून पाहिल्या. सगळ्यांत दोनशे खोडून वीस केलं होतं. फक्त एक शून्य खोडलं होतं, बाकी सगळं तसंच.

"ज्यांनी आठ दिवस थंडीत येऊन केलं, त्यांच्या अन् यांच्या वहीवर माझी सही सारखी कशी दिसन सर?" मॅडम म्हणाल्या. "त्या सव्वीस पोट्ट्यांले मी का सांगू?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही लय शिकलेल्या आहा का आमच्यापेक्षा?"

"नाही जी," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच पोरीले शिकवायचं म्हणते मी."

त्या उठल्या. पेन उचललाच नाही.

सही केली नाही म्हणून काढलं, असं कागदावर लिहिता येत नाही. म्हणून विहिरीचं निमित्त काढलं. बाबू माझ्यापाशी टाइप केलेला कागद घेऊन आला. "मावशी, इथं सही कर." त्याला वाटलं असेल मला वाचता येत नाही. मी वाचलं. मुलं कठड्यावर ओणवी, बाईंचं लक्ष नव्हतं, पाणी भरणाऱ्या बाईनं मुलांना मागं ओढलं. पाणी भरणारी बाई म्हणजे मी. मी कोणाला ओढलं? माझ्या हातात दोर होता, आणि मूल एकही जवळ नव्हतं.

मी म्हटलं, "असं नाही झालं जी."

"तुले का करायचं आहे? सही कर ना."

मी कागद टेबलावर ठेवला आणि पाण्याला निघून गेले. मागून बाबू काही बोलला, मी ऐकलं नाही. शेवटी शिपायाची सही घेतली. शिपाई त्या दिवशी रजेवर होता. सासऱ्याच्या तेरवीला गेला होता, सगळ्या शाळेला माहीत आहे. तरी तोच साक्षीदार.

मी सही केली नाही, एवढंच. आत जाऊन सगळ्यांसमोर खरं सांगायला हवं होतं. मी व्हरांडा झाडत राहिले. लोकांचा राग येतो तसा माझा मलाही येतो.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमना येऊ नका म्हटलं. तपासणीवाले आले, नारळ-शाल झाली, चाळीस वह्या टेबलावर रचून ठेवल्या होत्या. तेरा वह्यांवर मोठ्या सरांनी स्वतःच सही करून टाकली होती. तपासणीवाल्यांनी वरच्या दोन उघडल्या आणि जेवायला गेले.

यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी बहिणीकडं जात होते. काळीपिवळी जीप चोरखमाऱ्याच्या कालव्याच्या रस्त्यानं निघाली. पुढं चिखलणीचा ट्रॅक्टर आडवा आला, म्हणून गाडी थांबली. बाजूच्या बांधीत आठ-दहा बाया ओळीनं रोवणी करत होत्या. त्यांतली उंच बाई उभी झाली, तेव्हा मी ओळखलं. गुडघ्यापर्यंत चिखल, डाव्या हातात परह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी, अंगावर प्लास्टिकची खोळ. रोवणी मीही करते, त्यात लाज नाही. पण आमच्या शाळेत फळा आहे, मुलं आहेत, आणि ही बाई इथं आहे, हे पाहून माझ्या अंगाची आग झाली.

त्यांनीच हाक मारली. "मावशी! कोठं जाऊन राहिल्या?"

"बहिणीकडं जी."

"बोअर सुधरली का?"

"हव जी, सुधरली."

त्या रस्त्याकडच्या धुऱ्याजवळ, बांधापाशी आल्या. क्षणभर थांबून विचारलं, "दहावीले विज्ञान कोण शिकवते आता?"

मी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण सुचलं नाही.

"कोणी नाही जी. जागा भरलीच नाही. त्या तासाले पोरं नुसती बसून राहतात."

त्या परत ओळीत जाऊन वाकल्या. तीन-चार परहे भरभर खोवले. मग हात पाण्यातच थांबला. बाजूच्या बाया रोवत रोवत मागं सरकत गेल्या, ओळ दूर गेली. ट्रॅक्टर बाजूला झाला, आमची गाडी निघाली. मी मान वळवून पाहत होते. त्या तशाच वाकून उभ्या होत्या, मनगटापर्यंत हात चिखलात.